लाइट गेली, उजेड होता

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तिन्ही शहरांचा वीजपुरवठा एकदम बंद पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या, घरून काम करणाऱ्यांचे पडदे काळे झाले आणि आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गॅलऱ्यागॅलऱ्यांतून एकच प्रश्न फिरू लागला : ‘काकू, तुमच्याकडेही लाइट गेली का हो?’ ऑक्टोबरचे ऊन त्या वेळी डोळ्यांवर येत होते, कपडे वाळत होते, इमारतीच्या आवारात झाडांच्या सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. उजेडाला कुठेही तोटा नव्हता आणि तरीही प्रत्येक जण लाइट गेल्याचे सांगत होता, ऐकणाऱ्या कोणालाही त्यात काही विसंगत वाटत नव्हते. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस त्या दिवशी आमच्या गॅलरीत उभा असता, तर त्याने आधी आकाशाकडे पाहिले असते.

माझा व्यवसाय भाषांतराचा. उपकरणांच्या माहितीपुस्तिका, जाहिरातींचा मजकूर, सूचनाफलक असे रोजच्या वापराचे लिखाण इंग्रजीतून मराठीत आणणे हे माझे काम, आणि त्यात ‘लाइट’ हा शब्द जितका वेळ खातो तितका मोठमोठे पारिभाषिक शब्दही खात नाहीत. पारिभाषिक शब्दाला कोशात एक प्रतिशब्द ठरलेला असतो. ‘लाइट’ मात्र प्रत्येक वाक्यात नवा मुखवटा चढवून येतो. तो सूर्याचा असतो, दिव्याचा असतो, सिग्नलचा असतो, सिगारेटसाठी मागितलेल्या विस्तवाचा असतो. रंगापुढे आला की तो फिकट होतो, जेवणापुढे हलका, झोपेपुढे सावध आणि शिक्षेपुढे सौम्य. आकाशवाणीने ‘लाइट म्युझिक’साठी ‘सुगम संगीत’ हा शब्द रूढ केला, तो मला या शब्दाच्या सगळ्या भाषांतरांत सर्वांत सुरेख वाटतो, कारण तिथे शब्दशः जाऊन ‘हलके संगीत’ म्हटले असते तर गाणाऱ्यांचा अपमान झाला असता. मराठीत ‘हलका’ शब्दाला एक बोचरी कड आहे. हलक्या हाताने तेल लावणे चांगले, हलक्या कानाचा माणूस वाईट आणि ‘हलक्या प्रतीचा माल’ तर कोणी जाहिरातीत लिहिणारच नाही. मोटारीला मात्र ही अडचण येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन नाके, ऐरोली आणि वाशी येथे, हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेव्हा आपले वाहन ‘हलके’ ठरल्याचा ठाणेकरांना आनंदच झाला होता.

मुळात इंग्रजीतले हे दोन शब्द एक नाहीतच. उजेडाचा ‘लाइट’ आणि कमी वजनाचा ‘लाइट’ यांची कुळे निराळी आहेत, ती शतकानुशतके घासली जाऊन उच्चाराने एकमेकांवर येऊन बसली आहेत. जर्मन भाषेने ती अजून वेगळी ठेवली आहेत : उजेड म्हणजे ‘लिख्त’ आणि हलके म्हणजे ‘लाइख्त’. डच भाषेने इंग्रजीसारखाच दोन्हींना एक शब्द करून टाकला आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधोमध बसलेली ‘जीएच’ ही जोडी शाळकरी मुलांना निष्कारण छळते असे वाटते, पण एके काळी ती खकारासारखी उच्चारली जात असे. ध्वनी गेला, अक्षरे राहिली.

या दोन्ही कुळांचे नातेवाईक आपल्या घरात आहेत, आणि तेही आपण रोज ज्यांना हाका मारतो असे. कमी वजनाच्या ‘लाइट’चा भाऊ म्हणजे संस्कृत ‘लघु’. या ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले, पुढे ‘ल’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या आणि त्यातून आपले ‘हळू’ आणि ‘हलका’ आले. म्हणजे जिन्यावरून धावणाऱ्या मुलाला आपण ‘हळू जा’ म्हणतो, तेव्हा लाइटच्या चुलतभावालाच हाक मारत असतो. इंग्रजीत वाहनातून उतरण्याला ‘अलाइट’ म्हणतात, त्याचाही उजेडाशी काही संबंध नाही. घोडेस्वार उतरला की घोड्याचे ओझे हलके होते, ही त्यामागची कल्पना. जनावरांच्या फुफ्फुसांना जुने खाटीक ‘लाइट्स’ म्हणत, कारण इतर मांसाच्या मानाने ती वजनाला अगदी कमी भरतात. खुद्द ‘लंग’ हा फुफ्फुसासाठीचा शब्दही त्याच मुळातून आला आहे.

उजेडाच्या ‘लाइट’चे नाते संस्कृतातल्या ‘रुच्’ या धातूशी आहे. रुच् म्हणजे प्रकाशणे, शोभणे आणि मग आवडणे. आजारातून उठलेल्या माणसाला अन्न रुचू लागले असे आपण म्हणतो, त्या रुचण्याच्या तळाशी चकाकणे आहे. ज्याच्यावर नजर ठरते ते आवडते, अशी ती वाट असावी. ‘रुक्म’ म्हणजे सोने किंवा सोन्याचा अलंकार, त्यावरून रुक्मिणी आणि रुक्मिणीवरून रखुमाई. लॅटिनमधला ‘लक्स’, चंद्राचा ‘लुना’, आणि संस्कृतातले ‘आलोक’ व ‘अवलोकन’ हेही याच गोतावळ्यातले मानले जातात. विठ्ठलाच्या डाव्या हाताला उभी असलेली आई आणि भिंतीवरचे बटण दाबून लागणारी लाइट यांचे मूळ एका घरात निघावे, याचे मला वारंवार नवल वाटते आणि ते कोणाला सांगितले की समोरचा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने पाहतो.

समानार्थी शब्दांकडे वळले की इंग्रजीत ‘ग्ल’ने सुरू होणाऱ्या शब्दांची रांगच लागते : ग्लो, ग्लीम, ग्लिमर, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लेअर. यांतले बहुतेक ज्या मुळातून आले असे भाषाभ्यासक मानतात, त्याचा अर्थ चकाकणे असा होता आणि त्यातच पिवळ्या-हिरव्या रंगाचाही अर्थ होता. ‘गोल्ड’ आणि ‘येलो’ तिथले, आपले ‘हिरण्य’ तिथले आणि ‘हरि’ या रंगवाचक शब्दातून आलेले ‘हिरवा’ आणि ‘हळद’ हेही तिथलेच. भाषांतर करताना मात्र नात्यागोत्याचा उपयोग होत नाही. तिथे पाहावे लागते ते एवढेच की उजेड स्थिर आहे की हलतो आहे, वस्तूतून निघतो आहे की तिच्यावरून परततो आहे, आणि तो हवासा आहे की नकोसा.

या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. तेल संपत आलेला दिवा मिणमिणतो, चांदणी लुकलुकते, तलवार आणि वीज लखलखते, ओला रस्ता चकाकतो, घासलेले तांब्याचे भांडे लखलख करते असे कोणी म्हणत नाही, ते लख्ख दिसते. सोन्याला झळाळी असते आणि वर्तमानपत्रांच्या कृपेने ती फक्त भाव वाढल्यावर येते. पॉलिश केलेल्या लाकडाला तकाकी येते. दुपारच्या पत्र्यावरचे ऊन भगभगते, आणि रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याने डोळे दिपतात. ‘ग्लेअर’ हा शब्द आला की मी ‘तीव्र प्रकाश’ लिहून मोकळा होत नाही. ‘डोळ्यांवर येणारा उजेड’ असे लिहितो. दोन शब्द जास्त लागले तरी चालतील, पण वाचणाऱ्याला डोळे किलकिले करावेसे वाटले पाहिजेत.

नादानुकारी शब्दांमुळे एक गंमत होते. इंग्रजीत ‘ग्ल’ आहे, तसा मराठीत ‘झ’ आहे : झगमग, झगझगीत, झळकणे, झळाळणे, झिरमिळ्यांचा झगमगाट. दिवाळीत ठाण्याच्या राम मारुती रोडवर जे असते तो झगमगाट. त्याच संध्याकाळी तलावपाळीच्या पाण्यात दिव्यांची जी हलती प्रतिबिंबे पडतात त्यांना झगमगाट म्हणता येत नाही, ती झिलमिलतात. एका हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन ठिकाणी दोन क्रियापदे लागतात, आणि ती उलटसुलट वापरली तर कानाला लगेच खटकते.

दिवाळीचा विषय निघालाच आहे तर आकाशकंदिलाबद्दल सांगणे भाग आहे. ‘कंदील’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. अरबीत तो ‘किंदील’ आहे, आणि अरबीने तो ग्रीकच्या मार्गे लॅटिनमधल्या ‘कँडेला’पासून घेतला. कँडेला म्हणजे मेणबत्ती. आज प्रकाशाच्या तीव्रतेचे आंतरराष्ट्रीय एककही याच नावाने ओळखले जाते. ज्या धातूपासून तो शब्द झाला त्याचा अर्थ उजळणे, पांढरे दिसणे. त्याचा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘चंद्र’. चंद्रावरून चांदणे आणि चांदणी. रोमन काळी निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र झगा घालून फिरे, म्हणून तो ‘कँडिडेट’. आपल्याकडचे उमेदवारही पांढरे कपडे घालूनच दारात येतात, तेव्हा ही परंपरा खंडित झालेली दिसत नाही.

आता पुन्हा ‘लाइट’कडे. हा शब्द मराठीत आला तो इंग्रजीतल्या सगळ्या अर्थांचे बिऱ्हाड घेऊन आला नाही. सूर्याला त्याने हात लावला नाही. ‘आज लाइट फार कडक आहे’ असे कोणी म्हणत नाही. ऊनच कडक असते. चंद्राची तर गोष्टच सोडा. लाइट शिरला तो तारांमधून, आणि आपण त्याला जागा दिली तीही तारांपुरतीच. त्यातही मराठी व्याकरणाने त्याची नीट झडती घेतली आहे. पुरवठा या अर्थी तो आमच्याकडे स्त्रीलिंगी : लाइट गेली, लाइट आली. काही भागांत ‘लाइट गेले’ असे नपुंसकलिंगी रूप ऐकू येते आणि विदर्भात तर ‘लाइन’ जाते. अनेकवचन ‘लाइटी’ : ‘पुलाखालच्या लाइटी बंद आहेत’. ‘लाइटी’ हे रूप ऐकून काही सुशिक्षितांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण माझ्या मते परकीय शब्द पुरता आपला झाल्याची यापेक्षा चांगली खूण नाही. ज्याला आपल्या भाषेचे अनेकवचन लागले तो पाहुणा राहिला नाही. ‘लाइट बिल’ हा जोडशब्दही असाच. त्या बिलात पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप सगळे असते आणि उजेडाचा वाटा बहुधा सर्वांत थोडा असतो.

बिचाऱ्या ‘वीज’ या शब्दाचे मात्र यात नुकसान झाले. लिखाणात आणि बातम्यांत वीज टिकून आहे. बोलण्यात ती पुन्हा आभाळात गेली आणि कडाडण्याच्या, कोसळण्याच्या कामावर रुजू झाली. ‘दिवा’ मात्र हटला नाही. देवाजवळ लाइट लावत नाहीत, दिवा लावतात. संध्याकाळी दिवेलागण होते, आणि परीक्षेत नापास होऊन आलेल्या मुलाने ‘काय दिवे लावले’ हे वडीलमाणसे विचारतात, तेव्हा तेथे लाइट चालणारच नाही. (ठाणे जिल्ह्यात ‘दिवा’ म्हटल्यावर आधी मुंब्य्राच्या पुढचे रेल्वे स्थानक आठवते, हा भाग वेगळा.) नाटकाच्या धंद्यात तर दोन्ही सुखाने नांदतात. गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात निवेदक ‘प्रकाशयोजना’ असे म्हणतो, आणि त्याच वेळी पडद्यामागे कोणीतरी ‘अरे, लाइट्स रेडी का?’ म्हणून ओरडत असतो.

‘प्रकाश’ आणि ‘उजेड’ यांच्यात निवड करणे हा माझ्या कामातला खरा कठीण भाग आहे. प्रकाशाला वेग असतो, अपवर्तन असते, वर्षही असते. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, काळ नव्हे, हे भाषणे ठोकणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. उजेडाला यातले काही नसते. उजेड घरात येतो, पुरतो, कमी पडतो, अंगावर घ्यावासा वाटतो. पुस्तक प्रकाशित होते, उजेडित होत नाही. उलट ‘काय उजेड पाडलास’ यातल्या उजेडाच्या जागी प्रकाश ठेवला तर टोमण्याची धारच जाते. फक्त डोक्यात दोन्ही पडतात, प्रकाशही आणि उजेडही. एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांनी नावे ठेवताना संस्कृताकडे धाव घेतली : मुंबईचे ‘प्रभाकर’ १८४१चे, पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९चे, आणि आमच्या ठाण्यातून १८६६ साली निघालेले ‘अरुणोदय’. लोकांना शहाणे करायला निघालेल्यांना सूर्याखेरीज दुसरे नाव सुचत नव्हते असे दिसते. ‘उजेड’ नावाचे वृत्तपत्र त्यांतल्या कोणी काढले असते तर ते अधिक जणांना आपले वाटले असते, असे मला राहून राहून वाटते.

दिव्याच्या दुकानात गेलो की ही सगळी विद्या गुंडाळून ठेवावी लागते. दुकानदार एकच विचारतो : ‘पांढरी देऊ की पिवळी?’ खोक्यावर मात्र लुमेन आणि केल्विन छापलेले असतात. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचे माप. नऊ वॉटच्या एलईडी दिव्यातून साधारण ८०० ते ९०० लुमेन मिळतात. तारेच्या जुन्या बल्बला जवळजवळ तेवढ्यासाठी ६० वॉट लागत, कारण त्याच्या ऊर्जेतला दहा टक्क्यांहूनही कमी भाग डोळ्यांना दिसणारा प्रकाश होई आणि उरलेली बहुतेक उष्णतेत जाई. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की तो एक लक्स. केल्विनचा आकडा रंग सांगतो, आणि तो उलटा वाटतो : २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश ‘उबदार’ म्हणून विकला जातो आणि ६५०० केल्विनचा निळसर पांढरा ‘थंड’ म्हणून, वास्तविक जास्त तापलेली वस्तूच अधिक निळसर दिसते. खोक्यावरच्या मजकुराचे मराठी करताना मी ‘उबदार’ ठेवत नाही, कारण आपल्या हवेत ऊब विकत कोण घेणार? ‘पिवळसर’ आणि ‘पांढरा’ असेच लिहितो. दुकानदाराचे शब्द बरोबर असतात.

‘लाइट’मुळे मराठीतले उजेडाचे शब्द मरत आहेत, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. शब्द जातो तो बहुधा त्या शब्दाची वस्तू गेल्यामुळे. ‘कवडसा’ घ्या. कौलाच्या फटीतून किंवा खिडकीच्या भोकातून जमिनीवर पडणारा उन्हाचा ठिपका म्हणजे कवडसा. भोक चौकोनी असो, तिकोनी असो, अंतर पुरेसे असले तर कवडसा गोलच पडतो, कारण ती भोकाची आकृती नसते, सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात झाडाच्या पानांमधल्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतात, त्या याच कारणाने. घोडबंदर रोडवरच्या वरच्या मजल्यावरच्या घरात कौल नाही, फट नाही, काचेचे सरकते दार आहे. तिथे ऊन येते ते चादरीसारखे अख्खे. तिथल्या मुलाला कवडसा माहीत नसला तर त्यात इंग्रजी शाळेचा दोष नाही. ‘काजळी’, ‘वात सारणे’, ‘चिमणी’ यांचेही तेच. ‘तिरीप’ मात्र तग धरून आहे, कारण समोरासमोरच्या दोन टॉवरांच्या मधून संध्याकाळी उन्हाची तिरीप अजून येते, आणि कित्येक स्वयंपाकघरांना दिवसभरात तेवढेच ऊन मिळते.

अलीकडे ‘लाइट’चा हलका अर्थही मागच्या दाराने आत आला आहे. कॉलेजातली मुले एकमेकांना ‘लाइट घे’ म्हणतात, म्हणजे मनावर घेऊ नकोस. हा त्या दुसऱ्या कुळातला लाइट, ‘हळू’चा भाऊ. जुन्या मराठीत ‘हसण्यावारी ने’ होते, ‘सोडून दे’ होते. ही मुले ते वापरत नाहीत याचे मला दुःख नाही, कारण ‘घे’ हे क्रियापद त्यांनी आपले ठेवले आहे. मोबाइलच्या सेटिंगमधल्या ‘लाइट मोड’साठी मी ‘उजळ’ वापरतो आणि ‘डार्क’साठी ‘गडद’, आणि आतापर्यंत त्यावर कोणी हरकत घेतलेली नाही. खरी पंचाईत होते ती मोबाइलच्या टॉर्चची. आपल्याकडे टॉर्चला पिढ्यान्‌पिढ्या ‘बॅटरी’ म्हणतात, आणि जिन्यात अंधार असला की शेजारच्या आजी अजूनही ‘बाळ, जरा बॅटरी मार’ असेच सांगतात. मग ‘टॉर्च चालू असल्यास बॅटरी लवकर संपते’ हे वाक्य त्यांना कळेल असे कसे लिहायचे? सध्या मी ‘टॉर्च’ला टॉर्चच ठेवले आहे आणि बॅटरी संपण्याऐवजी ‘चार्जिंग उतरते’ असे लिहितो.